पहिला बीकर उजवीकडचाच

आमच्या इंटरच्या वर्गातले दोन गृहस्थ अद्याप हयात आहेत आणि दोघेही माझ्याविषयी असत्य सांगतात. एक म्हणतो, रसायनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी पाणी ओतल्याने क्रिया जलद होते असे सिद्ध केले. दुसरा म्हणतो, मी परीक्षकांसमोर रडलो. पहिले विधान निखालस खोटे आहे. दुसऱ्याविषयी इतकेच, की प्रयोगातला गंधकी वायू माझ्या डोळ्यांत गेला होता.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा काही वर्षे झाली होती. मॅट्रिकपर्यंत मी उर्दूतून शिकलो. औरंगाबादला कॉलेजात मात्र सारे इंग्रजी. पिशोरहून निघताना वडिलांनी बजावले होते, “नापास झालास तर सरळ घरला ये. नांगर तुझीच वाट बघायलाय.” त्या परीक्षेला मी नांगराला पाठ करूनच उभा होतो.

प्रयोग साधा होता. पाच बीकर. पहिल्यात फोटो धुण्याचा निव्वळ हायपो. पुढच्या प्रत्येकात हायपो कमी, पाणी अधिक. प्रत्येक बीकराखाली कागदावर पेन्सिलीची फुली. वरून सारखेच ॲसिड घालायचे. गंधक सुटून द्रावण गढूळ होते आणि फुली दिसेनाशी होते. हायपो जितका तीव्र, तितकी फुली लवकर जाते.

बीकर मी काटेकोरपणे मांडले: पहिला उजवीकडे, पाचवा डावीकडे. दहा वर्षे उर्दू उजवीकडून वाचलेला मनुष्य रांग दुसऱ्या टोकाने का सुरू करील? चिठ्ठ्या लावा, असे प्रश्नपत्रिकेत नव्हते.

परीक्षक पुण्याचे. त्यांनी विचारले, “आधी कोणती फुली जाईल?”

“पहिल्या बीकरातली, साहेब. डोळ्याचं पातं लवायच्या आत.”

त्यांनी डाव्या टोकाच्या बीकरात ॲसिड ओतले आणि घड्याळ धरले. पाते लवले. पुष्कळ वेळा लवले. त्यांनी चष्मा पुसला, चहा संपवला. फुली जागच्या जागी. ती गेल्यावर त्यांनी उजव्या टोकाच्या बीकरात ॲसिड ओतले, तर तिथली फुली बघता बघता नाहीशी झाली.

“पाणी वाढलं की वेग वाढतो, असं का तुमचं शास्त्र?”

“साहेब, आपण शेवटून सुरुवात केलीत.”

“मी डावीकडून सुरुवात केली.”

“तेच म्हणतो मी.”

प्रयोगशाळेचा म्हातारा चपराशी उजव्या टोकाकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, “हुजूर, कतार तो सीधे हाथ से शुरू होती ना.” परीक्षकांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो झाडू घेऊन बाहेर गेला.

“उरलेल्या तीन बीकरांचा क्रम सांगा. चुकलात तर शून्य.”

मी उजवीकडून बोट ठेवत गेलो. मधला बीकर दोन्हीकडून तिसराच. त्याच्यापुरते आमचे एकमत होते.

“कारण?”

“खुलताबादच्या उरुसात गल्ली तेवढीच, माणसं दसपट, म्हणून धक्के जास्त. तीव्र द्रावणातले कणही असेच एकमेकांवर जास्त आदळतात.”

“आणि भांडणं?”

“तीही लवकर होतात, साहेब.”

“ते दिसतंच आहे,” असे म्हणून त्यांनी ॲसिड ओतले. तिन्ही फुल्या मी सांगितलेल्या क्रमाने गेल्या. ह्याच वेळी माझे डोळे चुरचुरले.

मग त्यांनी माझी प्रयोगवही उघडली. पान कोरे. दुसरे कोरे. त्यांचा चेहरा लाल होऊ लागला, तेव्हा मी वही अदबीने उलटी केली. मी ती मागच्या पुठ्ठ्याकडून लिहीत असे. त्यांनी दीर्घ सुस्कारा टाकला आणि माझ्या पहिल्या, म्हणजे त्यांच्या शेवटच्या पानावर ‘उत्तीर्ण’ लिहून सही केली.

ती सही दयेपोटी होती, असेही हे दोघे सांगतात. वही माझ्याकडे आहे. दोघांनी केव्हाही येऊन पाहावी. उघडावी मात्र माझ्या बाजूने.