चाळीस कंबरेची पँट

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना चुका होतील, त्या माझ्या. पण शिवणात माझी चूक कोणी काढलेली नाही, एकदा सोडून. त्या एकदाचंच लिहितो.

बहरीनला हमद टाउनमध्ये राउंडअबाउटच्या गोल चौकाजवळ दुकानांच्या ओळीत आमचं शिलाईचं दुकान होतं. आमचं म्हणजे कागदावर अरबाबचं. अरबाब म्हणजे तिथला मालक, व्हिसा त्याच्या नावावर. मशीन मी चालवायचो, शटर मी उघडायचो, गिऱ्हाइकाशी भांडायचोही मीच. तिकडे वीस वर्षं काढली. बायको आणि मुलगी नंतर आल्या. मुलगी इंग्रजी शाळेत. घरात आम्ही आपलं रत्नागिरीचं बोलणं बोलायचो, तिला सगळं समजायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीतून, मध्ये दोनचार शब्द आपले.

नव्वद सालानंतर तयार कपडे सगळीकडे दिसू लागले. माणसं पँट शिवायची सोडून विकत घेऊ लागली. एक दिवस अरबाब खुर्चीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "रफीक, दुकान रिकामं दिसतं. ईदपर्यंत बघतो. नाहीतर व्हिडिओ कॅसेटवाला जागा मागतोय."

ईदला दोन महिने होते. दुकान गेलं तर व्हिसा गेला, आणि आम्ही तिघं परत गावी. मुलीची दहावी त्याच वर्षी होती. मध्येच शाळा तुटली तर गावात तिला कोणत्या वर्गात बसवणार? मी घरी काही सांगितलं नाही. बायकोने अंदाज केला, तेव्हा मी होय म्हणून मान हलवली.

त्याच आठवड्यात अरबाबचा पुतण्या आला. बावीस-तेवीसचा, तुबलीला गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. हिंदी बरी बोलायचा. खिशातून गाण्याच्या कॅसेटच्या डबीतला कागद काढून त्याने काउंटरवर ठेवला. त्यावर एक काळा अमेरिकन गाणारा, हात छातीशी बांधून, अंगात अशी पँट की तिच्यात दोघं मावले असते.

"चाचा, ऐसा. कमर चालीस. अच्छा हुआ तो मेरे तीन दोस्त भी सिलवाएँगे. ईद के लिए."

मी मापाची टेप लावली. कंबर तीस. मी त्याच्याकडे बघितलं, तो कॅसेटकडे बघत होता. मला ज्या उस्तादाने शिकवलं त्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, गिऱ्हाईक आपलं माप सांगतं ते ऐकायचं नाही, टेप सांगते ते लिहायचं. मी तीस लिहिलं. मला वाटलं, पोराला आकडा कळत नाही, शहाण्यासारखी शिवून देऊ, घालून बघितल्यावर खूश होईल.

अशी पँट शिवली की काय सांगू. कंबरेवर बसली की सुरकुती नाही, इस्त्रीची घडी वरपासून खालपर्यंत सरळ. त्याने घातली. आरशात बघितलं. उतरवली आणि काउंटरवर ठेवली.

"चाचा, मैंने चालीस बोला था."

"तुम्हारा कमर तीस है."

"मालूम है मेरा कमर." आणि कॅसेटचा कागद उचलून म्हणाला, "खलास."

गेला. त्याचे तीन दोस्तही त्याच्याबरोबर गेले, मी त्यांना बघितलंसुद्धा नव्हतं.

घरी जेवताना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. तीस कंबरेच्या माणसाला चाळीसची पँट हवी, म्हटलं, उद्या तंबू शिवायला सांगेल. बायको हसली. मुलगी हसली नाही.

"अब्बा, यू डिडन्ट लिसन."

"काय ऐकायचं त्यात? गाणं तरी आहे का ते? नुसती बडबड."

ती उठली, दप्तरातून एक मासिक काढलं. मैत्रिणीचं होतं. त्यात तोच गाणारा. वाचून दाखव म्हटलं. ती इंग्रजी वाचायची आणि मोडकं मोडकं सांगायची. मी मध्ये मध्ये विचारायचो.

शाळा अर्धी सोडलेला. बाप नाही. कॅसेटच्या कंपन्यांकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, तुझं बोलणं जरा सरळ कर, जरा गोड कर, मग घेतो.

"मग?"

"ही सेड नो. स्वतःची कंपनी केली. कॅसेट स्वतः विकली, हातात घेऊन, दुकानात जाऊन."

"स्वतः? लाज नाही वाटली?"

"अब्बा, का लाज?"

पुढे गाणी चालली. मग त्याने कपड्यांचा धंदा काढला. कारण कपडेवाल्या कंपन्या त्याच्या माणसांना हवे तसे कपडे करीतच नव्हत्या.

"पण ढगळ का?" मी विचारलं. "एवढे पैसे झाले, आता तरी मापाचं घाल म्हणावं."

तिने खाली बघून वाचलं, मग वर बघितलं. "त्यांच्या घरात मोठ्या भावाची पँट धाकट्याला. ढगळच होणार. तो म्हणतो, वी वोअर इट, सो इट्स अवर्स."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. मी चौघा भावांत धाकटा. थोरल्या भावाच्या चड्डीला सुंभाची गाठ मारून शाळेत जायचो. पोरं मला पोतं म्हणायची. मास्तरही एकदा म्हणाले, आणि त्याच वर्षी मी शाळा सोडली. शिवणाला बसलो तेव्हा मनात एकच होतं, माझ्या हातून ढगळ कपडा बाहेर जाणार नाही. पन्नाशी आली तरी तेच धरून बसलो होतो. आणि हा अमेरिकेतला माणूस तीच चड्डी घालून फोटो काढून घेत होता.

दुसऱ्या दिवशी मी घरचा कपडा काढला आणि चाळीसची कापली. घातली तर गुडघ्यापर्यंत खाली आली. उसवली. पुन्हा शिवली. मग कळलं, ढगळ शिवणं सोपं नाही. पडल्यासारखी दिसायला हवी पण पडता कामा नये. कंबर चाळीसही नको आणि तीसही नको, चौतीस, आणि पट्टा कुल्ल्यावर धरायचा. सीट, म्हणजे बसायचा भाग, खोल. मांडीत हवा खेळायला जागा. पट्टा ओवायचे लूप दुहेरी शिवायचे, सगळं वजन त्यांच्यावर येतं. माझी अंगकाठी त्या पोरासारखीच आहे, म्हणून घालून मीच घरात फिरलो.

"लोअर, अब्बा," मुलगी म्हणाली. "अजून खाली."

"अजून खाली म्हणजे कुठे, तुबलीला?"

"आता चाला. असे नाही, मिलिटरीसारखे नाही. आरामात."

बायकोने भिंतीकडे तोंड केलं होतं, तिचे खांदे हलत होते. "फोटो काढून गावाला पाठवते," म्हणाली.

आता पुढचं. शिंपी गिऱ्हाइकाच्या दारी जात नाही. गिऱ्हाईक येतं. मी वीस वर्षांत कधी गेलो नव्हतो. तीन दिवस पँट हँगरवर राहिली. चौथ्या दिवशी मुलगी शाळेत जाताना म्हणाली, "तो पण कॅसेट हातात घेऊन गेला होता." दार ओढून घेतलं आणि गेली. दुकान जाणार हे अरबाबचं बोलणं तिला कळलेलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

पिशवीत घालून बसने तुबलीला गेलो. गॅरेजमध्ये तो गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते.

"चाचा आया है," मी म्हणालो.

तो बाहेर आला, हात पुसले, पिशवीत बघितलं. आतल्या खोलीत जाऊन घालून आला. मी सवयीने गुडघ्यावर बसून पायाशी बॉटम बघू लागलो. तो दोन पावलं चालला, वळला, बसला, उठला. पँट जिथे राहायला हवी तिथे राहिली. बाकीचे कारागीर हातातली कामं सोडून बघत होते.

"चालीस है?"

"चालीस दिखता है," मी म्हणालो. "गिरेगा नहीं."

तो हसला. मग गॅरेजमधल्याच आपल्या एका दोस्ताला म्हणाला, "यल्ला, चल, तू भी माप दे." मी टेप गळ्यात घालूनच गेलो होतो. तीन मापं तिथेच घेतली. यावेळी कोण काय सांगतंय ते आधी ऐकलं, मग टेप लावली.

त्या तिघांचे मित्र आले, मित्रांचे भाऊ आले. रमझानभर मशीनवरून उठलो नाही. अरबाब एकदा आला, बाकड्यावर बसायला जागा नव्हती, उभाच राहिला. पुतण्याची पँट त्याला मुळीच आवडली नव्हती, ते त्याने मला सांगितलं. जागा कॅसेटवाल्याला देणार का, ते मी विचारलं नाही. "ईदनंतरही असंच चालू दे, इंशाल्ला," म्हणून तो गेला. मुलगी दहावीच्या परीक्षेला तिथेच बसली.

त्या गाणाऱ्याचं एकही गाणं मला पुरं ऐकवलं नाही, आजही नाही ऐकवत. पण त्याची बातमी आली की मुलगी फोनवर सांगते आणि मी ऐकतो.

ईदच्या सकाळी नमाज करून परत येताना पुतण्या आणि त्याचे तीन दोस्त राउंडअबाउटजवळ उभे दिसले, माझ्या पँटी घालून. बॉटम जमिनीला लागून धूळ झाडत होता. मला हाक मारावीशी वाटली, या इकडे, दोन इंच वर घेतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. त्यांना ईद मुबारक म्हटलं आणि पुढे चालू लागलो.