धरलं तर उभे राहतात

माझी धाकटी जाऊ गाद्यांच्या खोळी शिवते. घरात तिला सगळे कात्री म्हणतात, ते शिवणामुळे नव्हे. तिचं नि माझं कधीच पटलं नाही, आणि हे लिहिल्याने पटेल असंही नाही.

दिरांना अर्धांगवायू झाला. त्यांना आंघोळ घालायला, चार पावलं चालवायला सरकारी मदतनीस मिळतो असं कळलं. पण अर्ज आता खिडकीवर घेत नसत, कार्यालयातल्या यंत्राच्या पडद्यावर भरायचा. पडदा विचारी, रुग्ण उभा राहू शकतो का? हो किंवा नाही. जावेने ‘हो’ दाबलं, मदतनीस नामंजूर. पुन्हा जाऊन ‘नाही’ दाबलं, तर रुग्णाला निवासी केंद्रात हलवू असं उत्तर आलं. नवऱ्याला घराबाहेर काढायचं पत्र बघून तिने कार्यालय डोक्यावर घेतलं.

माणसं अशी यंत्रं कशी वापरतात याचा अभ्यास करणारी एक मुलगी तिथेच चाचणीसाठी लोक शोधत होती. तिने कात्रीला हेरलं. कॅमेरा लावून म्हणाली, “मनात येईल ते सगळं मोठ्याने बोला.”

तोंड आवर, हे सांगण्यात आमच्या सासूबाईंची हयात गेली होती. कात्रीने पडद्याची, तो बनवणाऱ्यांची आणि ओघात, सोबत गेलेल्या माझीही सालटी काढली. मग तो प्रश्न आला आणि तिचं बोट हवेतच राहिलं.

“धरलं तर उभे राहतात,” ती पडद्याला म्हणाली. “हे कुठे दाबू?”

मुलीने चित्रणातला नेमका हाच तुकडा नियम करणाऱ्या समितीला दाखवला. आम्हालाही बोलावलं होतं. मुलीचं म्हणणं होतं की चूक बटणांची नाहीच. नियमातच माणसं दोन प्रकारची आहेत, तर पडदा तिसरा प्रकार आणणार कुठून? अध्यक्ष चिडले. पडदा तुम्ही बघा, नियम आम्ही बघू, असं सुनावून त्यांनी ‘आधाराने’ असं एक बटण वाढवायला सांगितलं आणि कागद आवरायला घेतले.

“ते दाबल्यावर काय होईल?” कात्रीने विचारलं.

“अर्ज नोंदला जाईल. पुढेमागे नियमात बसवू.”

“बसवा. तोवर मीही बसते.”

आणि ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत रुतली. मुलगीही हलेना. शिपायाने दोनदा दिवे घालवले, कात्रीने दोनदा लावायला लावले. जेवणाची वेळ टळून गेल्यावर अध्यक्षांनी कागद पुन्हा उघडले आणि नियमात एक ओळ आली: आधाराने उभ्या राहणाऱ्यांना घरीच मदतनीस, तूर्त आमच्या विभागापुरतं, प्रयोग म्हणून. अध्यक्ष आमच्याकडे न बघता निघून गेले.

आता रोज सकाळी मदतनीस येतो आणि तिची बोलणी खातो. परवा मी गेले तेव्हा दीर त्याच्या खांद्यावर भार टाकून दारात उभे होते.

“नुसत्या बघता काय, जाऊबाई? त्या बाजूने धरा.”

मी धरलं. ते चुकीचं आहे, असं तिने लगेच सांगितलं.