चौकशीच्या खिडकीतला आगमनकाळ

बसस्टँडवर त्यांना सगळे भोंगा म्हणत. चौकशीच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं उभ्या आयुष्याचं काम. आवाज असा, की फलाटाच्या टोकाला पेंगणारा माणूसही पिशवी चाचपत उठायचा. शिवाय कान तिखट. गाडी वळणावर असतानाच नुसत्या हॉर्नवरून ते सांगायचे, कुठली आली. याचा त्यांना अभिमान होता. माणसाला एखादा तरी असावा, त्यानं पाठ ताठ राहते.

त्या खिडकीचा एक अलिखित नियम होता. ‘गाडी रद्द’ असं कधी म्हणायचं नाही. रद्द म्हटलं की लोक अंगावर येतात, काच फुटते. म्हणून म्हणायचं, “येतेय, थोडी उशिरानं.” रोज तेच म्हणून ते उत्तर भोंग्यांच्या जिभेलाच चिकटलं होतं.

डिसेंबर लागला आणि नदीपलीकडे दंगल पेटली. रस्ते बंद, फोन बंद. त्यांची धाकटी, बेबी, तिकडेच एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती. फोन बंद पडण्याआधी एवढंच म्हणाली होती, “बाबा, पहिली गाडी सुटेल तिनं निघते.” पुढे काही नाही.

“कधी येईल हो ती?” बायकोनं विचारलं.

“येतेय. थोडा उशीर होईल.”

भांडी विसळता विसळता ती थांबली. “मला खिडकीतलं उत्तर नका देऊ. मी काही तुमची प्रवासी नाही.”

भोंग्यांनी विसळलेली भांडी पुसायला घेतली.

अशात चर्चचे पाळकसाहेब घरी आले. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार जवळ आला होता. चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांपैकी शांतीची मेणबत्ती त्या दिवशी चर्चमध्ये पेटवायची असते. “यंदा ती तुम्ही पेटवा आणि दोन शब्द बोला,” ते म्हणाले. “जन्मभर येणाऱ्यांची वर्दी दिलीत. वाट बघणं म्हणजे काय, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?”

“साहेब, मला आधी एक सांगा. प्रभू येणार, येणार म्हणतो आपण. पण तो तर येऊन गेला ना? मग वाट बघायची ती आलेल्याची, की येणाऱ्याची?”

“दोन्ही.”

“आमच्याकडे नाही चालत असं. एकच गाडी फलाटाला लागलेली आणि तीच वाटेत, असं पुकारलं तर लोक मला माइकसकट उचलतील.”

पाळकसाहेब हसले. भोंगा हसले नाहीत. “आणि शांती कसली पेटवू? तिकडे घरं पेटलीत. माझी पोर तिथं आहे.”

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. “खरं सांगू? मलाही नीटसं कळत नाही. तरी दरवर्षी पेटवतो.”

यानं भोंग्यांचा गोंधळ कमी व्हायचा तो वाढलाच. साहेबांनाच कळत नसेल तर आपली काय कथा!

शनिवारी दुपारी बातमी आली, की पोलिसांच्या पहाऱ्यात तिकडून एक गाडी सोडली आहे. एकच. स्टँड माणसांनी भरला. बायकोही मांडीवर बेबीचा स्वेटर घेऊन बाकावर येऊन बसली. भोंगा कान टवकारून होते. इतक्यात वळणावर हॉर्न वाजला. जाडा, जरा घसा बसलेला. तीच! त्यांनी माइक ओढला.

“नदीपलीकडून येणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर येत आहे!”

त्यांचा आवाज चक्क कापला. लोक धावले. एका म्हातारीची चप्पल मागेच राहिली. आणि वळणावरून डुलत डुलत आत आला तो पाण्याचा टँकर.

“काय भोंगा, आता पाण्यालाही तिकीट फाडणार का?” कोणीतरी ओरडलं.

“कान साफ करून घ्या, काका!”

चपलेची म्हातारी खिडकीशी आली. ती चिडली नाही, म्हणूनच जास्त लागलं. “माझा नातू आहे हो त्या गाडीत.”

“माझी मुलगी आहे,” भोंगा म्हणाले.

कंट्रोलरनं त्यांच्या हातून माइक काढून घेतला. “जा, चहा घेऊन या. तुमचं चित्त ठिकाणावर नाही.”

कँटीनमध्ये ते चहापुढे नुसते बसून राहिले. इतकी वर्षं आपण लोकांना धीर दिला, की फसवलं? मघाशी तर फसवलंही नव्हतं. मनापासून ऐकू आलं होतं, आणि नेमकं तेच खोटं निघालं. मग उद्या सगळ्यांपुढे काय सांगायचं? चहावर साय धरली.

गाडी आली ती कोणी न पुकारताच. तिची पुढची काच फुटली होती आणि हॉर्न बंद पडला होता. भोंगा धावत पोहोचले तेव्हा माणसं उतरत होती. म्हातारीला नातू मिळाला. बेबी दिसेना. सगळ्यात शेवटी दिवस भरलेली एक बाई दांड्याला धरून हळूहळू उतरली आणि खिडकीवाले काका कोण म्हणून विचारू लागली.

“बेबीचे बाबा ना तुम्ही? ती बसली होती या गाडीत. जास्तीचं माणूस पोलीस घेईनात, तर ती उतरली आणि मला बसवलं. म्हणाली, स्टँडवर माझे बाबा आहेत, ते बघतील तुमचं.”

भोंग्यांना भयंकर राग आला. पोरीचा आला, या परक्या बाईचाही आला. आणि त्याच दमात छाती अशी भरून आली, की धड ओरडता येईना, धड रडता येईना. बायकोनं मात्र स्वेटर त्या बाईच्या खांद्यावर टाकला. “चल गं, घरी चल. अंथरूण घातलेलंच आहे.”

दुसरी गाडी सोडणार का, ते ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. कंट्रोलरलाही नव्हतं.

रविवारी भोंग्यांनी शांतीची मेणबत्ती पेटवली. दोन काड्या विझल्या, तिसरी लागली. मग ते मंडळीकडे वळले.

“मला यातलं काही कळलेलं नाही. जिची वाट बघतोय ती आली नाही, आणि जिला ओळखतही नाही ती आमच्या घरी निजली आहे. तिचं बाळ आज-उद्या होईल. माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा. मी जरा स्टँडवर जाऊन बसतो.”

आणि ते मधल्या वाटेनं चालत बाहेर पडले. आमेन म्हणायचं की थांबायचं, ते मंडळीला कळेना.