साक म्हणजे पुरे

आत्ती गेल्या तेव्हा मी रडले नाही. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. शाहूपुरीत खाली आमचं पेंडीचं दुकान आणि वर आम्ही राहायचो. सकाळी चहा घेऊन गेले तर त्या गेलेल्या होत्या. मी कप परत आत नेला, ओट्यावर ठेवला, त्यावर झाकण ठेवलं आणि मग खाली जाऊन आमच्या मालकांना सांगितलं, "आत्ती उठत न्हाईत."

दुपारपर्यंत घर भरलं. आमच्यात पुरतात, बसवून. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, विभूती लावली, हार घातले. निपाणीला दिलेल्या वन्सं जिन्यातूनच हंबरडा फोडत वर आल्या. बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी पाणी देत होते, दारातल्या चपला बाजूला सारत होते. एक म्हातारी दुसरीला, मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सून सुटली की गं." मला राग आला नाही. सुटल्यासारखंही वाटत नव्हतं. दात काढताना गाल बधिर करतात, मग त्या गालाला हात लावला तर दुसऱ्याचाच वाटतो, तसं होतं ते.

आमचं काही वाकडं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. माझं माहेर गगनबावड्याच्या रस्त्यावरचं. तिकडं कन्नड कुणाच्या कानावर पडत नाही. आत्तींचं माहेर सीमेपलीकडचं. त्या माझ्याशी मराठी बोलायच्या, मोजकं, कामापुरतं. मुलाशी, मुलीशी, फोनवर बहिणीशी मात्र कन्नड. मी समोर भाजी निवडत असले तरी त्यांचं चालूच. माझ्याबद्दलच बोलत असतील असं पहिली काही वर्षं वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

पुढं त्यांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. काही आठवड्यांनी बोलणं थोडं परत आलं, पण फक्त कन्नड. मराठी पुसूनच गेली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मागनं शिकलेली भाषा आधी जाते. मालक दिवसभर दुकानात. वर त्या आणि मी. मी मराठीत विचारायची, त्या कन्नडमध्ये सांगायच्या. नीर म्हणजे पाणी, ब्याड म्हणजे नको, हे मी शिकले. आणि साक. साक म्हणजे पुरे. आंबील भरवताना चार घास गेले की त्या डावा हात उचलून वाटीवर आडवा धरायच्या आणि म्हणायच्या, "साक." मी म्हणायची, "अजून दोन घास, आत्ती." त्या हात काढायच्या नाहीत. असं दीड-दोन वर्षं चाललं. पुसणं, कूस बदलणं, भरवणं. मी ते सगळं नीट केलं. प्रेमानं केलं का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

त्या गेल्यावर पलंग काढला. त्या जागी कपाट आलं. सणवार आले, गेले. मी हसत होते, जेवत होते, टीव्ही बघत होते, आणि यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

वर्ष उलटलं आणि वन्संच्या मुलीचं लग्न ठरलं. पैंजण हुपरीतनं घ्यायचे असं वन्संच्या मनात होतं. मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं." स्टँडवरनं एसटी धरून आम्ही गेलो. ओळखीचं घर होतं. पुढच्या सोप्यात बायका मांडी घालून चांदीच्या कड्या जोडत बसल्या होत्या. कोपऱ्यात घरातली म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. आम्ही नमुने बघत होतो. वन्संची घासाघीस चालू होती. तेवढ्यात घरच्या सुनेनं चहा आणला. आम्हाला दिला आणि म्हातारीच्या बशीत ओतायला लागली. म्हातारीनं बशीवर हात आडवा धरला.

"साक, साक," ती म्हणाली.

माझ्या हातात पैंजण होता. तो खाली पडला एवढं मला कळलं. पुढं माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आधी कधी काढला नव्हता. मी त्या सोप्यात, अनोळखी बायकांच्या मधोमध, पदर तोंडात कोंबून रडत होते आणि थांबता येत नव्हतं. बायकांचे हात थांबले. सून घाबरून म्हणाली, "चहा सांडला काय अंगावर? भाजलं काय?"

म्हातारी सरकत सरकत माझ्याजवळ आली. "काय झालं गं पोरी? घरात काय भांडण हाय?"

मी नाही अशी मान हलवली. वन्संनी माझे दंड घट्ट धरले होते. त्या म्हणाल्या, "आमची आई अशीच म्हणायची." एवढंच. त्या स्वतः रडल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, जणू कुणी माझी ओळख त्यांना नव्यानं करून दिली होती.

"मग रडू दे की तिला," म्हातारी म्हणाली. "तू कशाला धरतीस? सोड." आणि कन्नडमध्ये माझ्याशी काहीतरी बोलत माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही.

परतीच्या गाडीत वन्संनी मला खिडकीची जागा दिली. पिशवीतनं शेंगा काढल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू रडली न्हाईस म्हणून मी लई बोललो तुझ्या मागनं."

"मला ठाऊक हाय, वन्सं."

"ठाऊक हाय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि शेंगा सोलून माझ्या हातावर देत राहिल्या. मी खात राहिले. उचगाव येईपर्यंत आतलं सगळं पुन्हा गप्प झालं होतं.

रात्री जेवताना मालकांना सांगितलं. त्यांनी घास तसाच धरला. "कशी म्हणाली ती?"

"साक."

"असं न्हवं," ते म्हणाले. "साऽक." त्यांचाच आवाज त्यांना खटकला असावा. ताटावरनं उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिले. वन्सं त्यानंतर फोन केला की मला आधी बोलवून घ्यायच्या आणि मग भावाला.

काही वर्षांनी माझी आई गेली. गावी गेले, सगळं केलं, भावजयांना धरलं, परत आले. डोळे कोरडेच. या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. आईची पैठणी माझ्या कपाटात आहे, तिची जुनी चप्पल भावाच्या दारात अजून आहे, मी दोन्ही बघते आणि काही होत नाही. परवा मंडईत एक बाई वांगी उचलून कानाशी धरून वाजवत होती. आईही वांगी तशीच घ्यायची. मी पिशवी खाली ठेवून उभी राहिले, त्या बाईकडं बघत. ती वांगी घेऊन निघून गेली. मागचा माणूस म्हणाला, "अवो, घेताय का सरकताय?"

मी अर्धा किलो वांगी घेतली.