काठीची खाच

घाटकोपरच्या आमच्या खोलीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या पार छताजवळ होत्या. तिथवर पोहोचायला एक काठी होती. तिच्या टोकाला खाच, खाचेत ओली साडी धरायची आणि वर दोरीवर टाकायची. चाळीत घरोघरी अशी काठी होती, पण बांबूची. आमची मात्र गुळगुळीत, वर निमुळती, खाली जाड, आणि जाड बाजूला काळ्या लाकडाची चार टोकदार भाल्यांसारखी नक्षी आत बसवलेली. लहानपणी मला वाटायचं, आईची आवडच उंची.

दसऱ्याला बाबा पाटावर कोयता, विळी, कात्री मांडायचे आणि शेवटी ही काठी. सगळ्यांना हळद-कुंकू, काठीला जरा जास्तच. शेजारच्या काकू दरवर्षी विचारायच्या, "काय हो, कपड्यांच्या काठीची पूजा?" बाबा हसायचे आणि आपट्याचं पान हातावर ठेवून विषय मिटवायचे.

बाबा पूर्वी फोर्टातल्या एका क्लबात मार्कर होते. म्हणजे बिलियर्ड्सच्या टेबलाशी उभं राहून साहेबांचे गुण पुकारायचे, चेंडू मारायच्या त्यांच्या क्यूंची टोकं दुरुस्त करायची, आणि एखाद्याचा जोडीदार आला नाही तर त्याच्याशी खेळून बेताने हरायचं. मी लहान असतानाच त्यांच्या हाताला कंप सुटला. क्लबाने हार घातला, नारळ दिला आणि घरी पाठवलं. त्यानंतर घरात त्या खेळाचं नाव निघालं नाही.

मी बावीस वर्षांची झाले आणि साकीनाक्याच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचे, मी त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवायची. दिवसभर सरळ रेघा! कारखान्याच्या करमणूक हॉलमध्ये आधीच्या मालकाने मागे ठेवलेलं स्नूकरचं भलंमोठं टेबल होतं. जेवणाच्या सुट्टीत पुरुष खेळायचे, आम्ही बायका दारातून बघायचो. ते हिरवंगार कापड बघून माझा पाय दारातून निघायचा नाही. खोटं कशाला सांगू, काही जणांचा खेळ बघून हसूही यायचं. एवढी सोपी रेघ यांना दिसत कशी नाही?

मग क्रीडा सप्ताहाचा कागद फिरला. महिलांसाठी कॅरम, लिंबू-चमचा आणि रांगोळी. मी खाली माझ्या हाताने लिहिलं, स्नूकर, आणि पुढे नाव.

हॉलचे सेक्रेटरी आमचे हेडक्लार्क. त्यांनी चष्मा वर केला. "नियमात बसत नाही असं नाही, पण हॉलचे चारही क्यू पुरुषांसाठी ठरलेत. स्वतःचा क्यू आणा, बिनधास्त खेळा." त्यांना वाटलं, झालं, कटकट गेली.

संध्याकाळी घरी आले ती तणतणतच. आई साड्या वाळत घालत होती, बाबा खाटेवर बसले होते. मी पर्स आपटली. "म्हणे स्वतःचा क्यू आणा! कुठून आणू? आभाळातून पाडू?"

बाबांनी आईच्या हाताकडे बोट केलं. मग म्हणाले, "आवशीच्या हातात काय आसा?"

"काठी."

"काठी नाय गो ती."

आईचे हात वर, साडी वर, आणि तोंड उघडं. मग बाबांनीच सांगितलं. विलायतेला परत जाणाऱ्या एका म्हाताऱ्या साहेबाने निघताना बाबांना स्वतःचा क्यू दिला होता, तोच हा. इतकी वर्षं एका नामी क्यूने आम्ही परकर वाळत घालत होतो! मला असं हसू सुटलं की मी खाली बसले, आणि मागोमाग आईही. बाबा तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी काठी खांद्यावर टाकून बसने साकीनाका गाठला. कंडक्टर म्हणाला, "ताई, साप मारायला चाललात काय?" हॉलमध्ये सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण खरी गंमत पुढेच होती. मुलुंडला राहणारे आमचे थोरले इंजिनिअर साहेब जुन्या वस्तू जमवायचे. त्यांनी काठी बघितली आणि हातातला चहा खाली ठेवला. काळ्या भाल्यांवरून बोट फिरवलं, बुंध्यावरची हाडाची चकती रुमालाने पुसली. रुमाल पिवळा झाला.

"हे काय?"

"हळद," मी म्हटलं. "दसऱ्याची."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "हे हाताने जोडलेलं काम आहे. असा क्यू आता कुणी बनवत नाही. तू याने खेळू नकोस आणि याला करवत तर लावूच नकोस. जसा आहे तसा राहिला तरच त्याला मोल."

"पण सर, टोकाला खाच आहे. कापल्याशिवाय खेळणार कशी?"

"खेळायचं नाहीच त्याने! काचेच्या कपाटात ठेवायचा!"

रविवारी ते थेट आमच्या खोलीवर आले. क्यूच्या बदल्यात मला नवा क्यू आणि आईला त्यांच्याकडचं परदेशी कपडे धुवायचं मशीन द्यायला तयार होते. धुण्याचं मशीन! चाळीत एकाकडेही नव्हतं. दारात बायकांची गर्दी झाली. आईने मोरीकडे बघितलं, तासभर येणाऱ्या नळाकडे बघितलं, मग नम्रपणे म्हणाली, "साहेब, मशीन धुवेल हो. पण वाळत कशाने घालायचं? काठी तर तुम्हीच घेऊन चाललात!"

दारातल्या बायकांत हशा पिकला. साहेबही हसले, पण जाताना बाबांना हात जोडून म्हणाले, "कापू मात्र नका. एकदा कापला की संपला."

ते गेल्यावर बाबांनी लहान करवत काढली. मला अचानक धडकी भरली. आता चुकलं तर ना कपाटातला क्यू, ना खेळायचा, ना कपड्यांची काठी. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आईने खाच पाडलीच नसती तर बरं झालं असतं."

"आवशीन नाय," बाबा म्हणाले. "मीयां पाडलंय. क्लबातून घराक इलंय, त्याच दिवशी. परत खेळूचो मोह नको म्हणान."

इतका शांत माणूस, आणि इतका राग स्वतःच्या हातावर. त्यांनी करवत टोकाला टेकवली. पातं थरथरत लाकडावर नाचलं. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "तुझो हात थीर आसा. तू काप."

मी कापलं. शाईची रेघ ओढते तसं, श्वास धरून. खाचेसकट चार बोटं लाकूड खाली पडलं. साकीनाक्याच्या लेथवाल्याने पितळी टोपण बसवून दिलं, आणि बाबांनी कुंकवाच्या जुन्या डबीतून चेंडूला लागणारी एक चामड्याची टिप काढून टोपणावर चिकटवली. एवढी वर्षं जपून ठेवली होती ती! खेळूचो मोह नको म्हणे.

पुढचे पंधरा दिवस बाबांनी सराव घेतला. दुधाची रिकामी काचेची बाटली टेबलावर आडवी ठेवायची, आणि क्यू तिच्या तोंडातून आत न्यायचा, बाहेर आणायचा. काच वाजली की चूक. पहिल्या दिवशी घरात नुसती टिंगटिंग. आई म्हणाली, "पूजा चाललीय की काय?" आठव्या दिवशी आवाज बंद झाला. बाटली आहे की नाही तेच कळेना. तो क्यू माझ्या हातात आपला आपण सरळ चालायचा.

पहिलाच सामना इंजिनिअर साहेबांशी. बाबा आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. खुर्ची दिली तर बसले नाहीत, गुणफलकाशी जाऊन उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं, पण पुकारायला लागले, आणि काय तो आवाज! घरात कधी ऐकला नव्हता. शेवटी टेबलावर काळा आणि पांढरा एवढेच बॉल उरले. सात गुणांचा काळा घालेल तो जिंकला. मी वाकले. मनात म्हटलं, बाटली आहे, फक्त बाटली. काळा कोपऱ्यात गडप झाला.

"सेव्हन," बाबांनी पुकारलं, आणि मग थोडं थांबून, "गेम."

पॅकिंगच्या बायकांनी मला उचललंच. एवढा आनंद मला पुढे लग्नातसुद्धा झाला नाही, नवऱ्याला हे माहीत आहे. दुसऱ्या फेरीत कँटीनच्या सुपरवायझरने माझा पार धुव्वा उडवला, ते सोडा. इंजिनिअर साहेब म्हणाले, "मोल गेलं हो याचं." मग म्हणाले, "एक शॉट मारू?" एकाचे दहा झाले. शेवटी वॉचमनने हॉलचे दिवे घालवले तेव्हा त्यांनी क्यू परत दिला.

घरी आईने क्यू दोरीला लावून बघितला. खाच नाही आणि चार बोटं कमी. "वाट लावलीत माझ्या काठीची!" दुसऱ्या दिवशी बाबांनी बांबू आणला आणि त्याला खाच पाडली.

दसऱ्याला पाट मांडला. कोयता, विळी, कात्री. मी सवयीने क्यू उचलून बाबांपुढे धरला. त्यांनी हळद-कुंकवाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"हत्यार तुझां," ते म्हणाले. "तूच मांड."