दोन हवांचा सुतार

माझा मामा चिडला की लाकडाशी बोलतो. माणसांशी भांडायचा त्याचा स्वभाव नाही, त्यामुळे माणसांच्या वाट्याचं सगळं फळ्यांना ऐकून घ्यावं लागतं. "आक्रस, अजून आक्रस," असं तो एखाद्या फळीला सुनावत असला की मामी आम्हाला डोळ्यांनीच खुणावते, आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिकडे, समुद्राजवळ, तो होड्या बांधायचा. समुद्राने त्यांचं गाव एका दिवसात नेलं नाही. आधी विहिरीचं पाणी खारट झालं, मग होड्या ओढून घ्यायचा उतार खचला, मग शाळेचा रस्ता वाहून गेला. दर वादळानंतर लोक घरातलं सामान आणखी वरच्या फळीवर चढवायचे. शेवटच्या वादळात फळ्याही गेल्या आणि भिंतीही. मग सरकारने सगळ्यांना इथे, आमच्या कोरड्या गावाच्या कडेला, नव्या वसाहतीत घरं दिली. आई लग्न होऊन आधीपासून इथलीच झालेली. "दादा, तू शेजारी राहायला यावास म्हणून किती वर्षं म्हणत होते," ती म्हणाली, आणि लगेच पाठ फिरवून चहाची भांडी विसळायला लागली.

गावातले लोक वसाहतीतल्यांना 'ओले' म्हणतात. ओल्यांचा बसथांबा, ओल्यांचं दुकान. तोंडावर कुणी म्हणत नाही, फक्त ऐकू जाईल इतक्या बेताने म्हणतात.

इथे होडीचं काम निघणार नव्हतंच. मामीचं म्हणणं, मिळेल ते धरा, शीतगृहाला रखवालदार हवाय. मामा म्हणाला, हातात रंधा राहू दे, मग बाकी काहीही सोसेन. त्याला तेवढंच हवं होतं, आणि ते फार मोठं मागणं आहे असं त्याला वाटत नव्हतं. वसाहतीची घरं अजून उभी राहतच होती, त्यांच्या दारांचं कंत्राट गावातल्या एका कारखानदाराकडे होतं. त्याने मामाचा हात बघितला, एक खुर्ची करून घेतली, वरून खालून निरखली आणि म्हणाला, "मिस्त्री, उद्यापासून या."

मामाने पहिली दारं मन लावून केली. आपल्याच माणसांची घरं होती. ज्यांच्यासाठी होड्या बांधल्या, त्यांच्यासाठी आता दारं. प्रत्येक दाराच्या कडेला त्याने फुगायला जागा सोडली, जशी तो आयुष्यभर सोडत आला होता. त्याच्या वडिलांनी त्याला करवत धरायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. लाकूड पाणी पितं, फुगतं. दार आज घट्ट बसलं तर पावसाळ्यात अडकणार. कारखान्यातल्या कुणी विचारलंही, एवढी फट कशाला. मामा हसला. दोन पावसाळे जाऊ देत, मग बोलू, म्हणाला.

इथे पाऊसच जेमतेम. उन्हाळा लागला आणि लाकडाने होतं नव्हतं ते पाणीही सोडलं. फट रुंदावत बोटभर झाली. कड्या चौकटीपर्यंत पोचेनात. दुपारी वारा सुटला की धूळ सरळ आत, जेवणाच्या ताटापर्यंत. सगळ्यात जास्त ओरड केली ती समुद्राकडच्याच लोकांनी. गावातल्यांकडे तक्रार करायची चोरी, मामा मात्र हक्काचा. एकेकाळी नाव चालवणारे नावाडीकाका समोरच राहतात. ते रोज सकाळी स्वतःच्या घरातून, दार न उघडता, फटीतून मामाला हाक मारायचे आणि विचारायचे, "काय मिस्त्री, दिसतोय ना मी?" पहिल्यांदा मामा हसला. नंतर त्याने त्या बाजूची खिडकी लावून घ्यायला सुरुवात केली.

मालकाने त्याला काढलं नाही. सगळी दारं उतरवून नव्याने बसवा, म्हणाला, लाकूड मी देतो. मात्र यावेळी पुन्हा तक्रार आली, तर मी लोखंडाची तयार दारं आणणार. मग मला सुतार लागणार नाही, फक्त बसवणारा लागेल.

त्यानंतरचे महिने मामा अगदी वेगळा माणूस होता. चाळिशी कधीच ओलांडलेला तो गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडे जाऊन बसायला लागला, आणि तो म्हातारा आपल्याला 'ओला' म्हणतो हेही गिळायला लागला. इथली हवा लाकडाचं काय करते ते त्याने नव्याने शिकून घेतलं. फळ्या उन्हात महिनोन्‌महिने उभ्या करून ठेवल्या, उलटसुलट केल्या, त्या आणखी आक्रसायच्या थांबल्या तेव्हाच करवत लावली. फट सोडायची नाही. हे करताना त्याचा हात अडायचा, ते मी पाहिलंय. रंधा मारता मारता तो थांबायचा, कडेवर अंगठा फिरवायचा आणि फळीला विचारायचा, "नक्की ना?"

दारं बसली. धूळ थांबली. नावाडीकाकांनी दार उघडून, बाहेर येऊन, मान डोलवली. मामीने बरेच दिवस रखवालदाराच्या नोकरीचा विषय काढला नाही.

आणि मग भर हिवाळ्यात, इथल्या म्हाताऱ्यांनीही कधी न पाहिलेला पाऊस लागला. एक दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या दिवशी गटारं तुंबली. आठवडा उलटला तरी आभाळ उघडेना, आणि वसाहतीतलं एकेक दार फुगून चौकटीत रुतलं. एका सकाळी घराघरांतून धक्के मारल्याचे आवाज यायला लागले. कुणी आतून खांदा लावतंय, कुणी बाहेरून लाथ घालतंय. नावाडीकाकांना त्या दिवशी शीतगृहातल्या कामासाठी भेटायला बोलावलं होतं. ते खिडकीच्या गजांतून बाहेर बघत बसले. मामा पावसात रंधा घेऊन दारोदार फिरत होता, वरची कड तास, खालची कड तास, आणि प्रत्येक घरी तेच ऐकत होता. आधी धूळ आत आणलीस, आता आम्हालाच आत ठेवलंस. काकांचं दार मोकळं होईपर्यंत दुपार झाली. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं होतं. ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मामा नंतर आईला म्हणाला.

त्या दिवशी तो आमच्या घरी आला तेव्हा भुशाचा चिखल त्याच्या कोपरापर्यंत होता. आईने टॉवेल पुढे केला, तो त्याने हातातच धरून ठेवला.

"तिकडची हवा शिकलो तर तिकडून उठवलं," तो म्हणाला. "इकडची शिकलो, तर आता हीच बदलली. मी शिकायचं तरी काय, सांग ना?"

आई म्हणाली, "दादा, पुस ना आधी अंग."

मालक आला तो पाऊस थांबल्यावर, टेम्पोत लोखंडी दारं घालूनच. तो रागावलेला नव्हता, हेच मामाला जड गेलं. त्याने स्वतःहून मामाची बाजू घेतली. "मिस्त्री, तुमचा हात वाईट नाही. हवा वाईट आहे. पण हवेला मी कामावरून काढू शकत नाही."

मामाने त्याला हाताला धरून स्वतःच्या घराशी नेलं. मधल्या दिवसांत ऊन पडलं होतं, लाकूड सुकलं होतं. मामाने एका बोटाने दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं आणि तसंच मिटलं. कडेला केसाएवढीही चूक नव्हती. त्याने पुन्हा ढकललं. मीसुद्धा तिथे होते आणि मलाही वाटलं, आता मालक काहीतरी बोलेल.

मालकाने दार बघितलं, चौकट बघितली. खरंच मनापासून बघितली.

"आज," तो म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात?"

मामाने दाराच्या कडेवर एकदा अंगठा फिरवला. मग त्याने पेचकस मागितला. मालक म्हणाला, तुमचं सगळ्यात शेवटी काढू, घाई नाही. मामा म्हणाला, "नाही. इथूनच सुरुवात करतो."

मामी बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा तयार होता, तो तिने आवरला. वरची बिजागरी सुटली तसा दाराचा भार एका बाजूला आला. "अहो, थांबा," म्हणत तिने दुसरी कड धरली. दोघांनी मिळून ते आत नेऊन भिंतीला टेकवलं. उघड्या चौकटीतून समोरचं नावाडीकाकांचं दार दिसत होतं, बंद, नीट बसलेलं. पुढचं काढायचं दार तेच होतं.