चारशे बाराची चादर

कोपरेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉटेलात तिनं एकतीस वर्षं नोकरी केली, पहिली दहा खोल्या आवरण्यात आणि पुढची एकवीस खोल्या आवरणाऱ्या बायकांवर नजर ठेवण्यात. गादीखाली चादर दुमडताना कोपरा कसा बसला पाहिजे, यावरून तिनं इतक्या जणींना रडवलं की हाताखालच्या बायकांनी पाठीमागे तिचं बारसंच उरकून टाकलं. तिच्या कानावर ते आलं होतं. वरवर ती रागावली, पण मनातून खूश झाली होती.

तिच्या नवऱ्यानं जन्मभर सहलीची बस चालवली. "मोठमोठी संग्रहालयं पाहिलीत मी, सगळी बाहेरून," असं तो म्हणायचा, आणि त्यात गंमत कमी, रुखरुख जास्त होती. लोक आत चित्रं बघायचे आणि हा पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवायचा. बायको निवृत्त झाली त्याच आठवड्यात त्यानं जाहीर करून टाकलं, की आता आपण आतून बघायचं. तीन दिवस, मोठं शहर, चांगलं हॉटेल. खायचं, प्यायचं, गाणं ऐकायचं, दमलं की बसायचं. पोरांनासुद्धा बरोबर घ्यायचं नाही.

चौथ्या मजल्यावरच्या चारशे बारा नंबरच्या खोलीत शिरल्याबरोबर नवऱ्यानं खिडकी उघडली आणि बाईंनी पलंगपोसाचा कोपरा उचलून बघितला.

"कसा आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला तिच्या हाताखालच्या बायका वर्षानुवर्षं तरसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अंघोळीला गेला आणि विस्कटलेला पलंग बघून बाईंचे हात शिवशिवायला लागले. पाच मिनिटं तिनं खिडकीबाहेर बघून काढली. मग मात्र राहवेना. तिनं चादर ताणली, चारी कोपरे घट्ट बसवले, उशा थोपटून उभ्या केल्या. नवरा बाहेर आल्यावर बेसिन पुसलं, न्हाणीघराची फरशी कोरडी केली, ओले टॉवेल पंख्याखाली वाळवले आणि अशी घडी घालून ठेवले की कुणी हात लावलाय असं वाटू नये.

"अगं, सुट्टीवर आलोय आपण, ड्यूटीवर नाही!"

"हात लागतोय तर लागू दे. एकेका बाईला सोळा सोळा खोल्या असतात हो. बिचारीची एक तरी कमी होईल."

हे ती खोटं बोलत नव्हती. कुणाचं तरी चांगलं केल्याच्या समाधानातच ती कुलूप लावून बाहेर पडली.

तो दिवस फार सुंदर गेला, आणि पुढं तिला त्याचाच जास्त त्रास झाला. संग्रहालयात नवरा होड्यांच्या एका चित्रासमोर अर्धा तास बसून राहिला. "लोक एवढा वेळ आत काय करतात असं मला वाटायचं," तो म्हणाला. दुपारी दोघांनी गरम सूप, तळलेला मासा आणि लिंबाचा केक खाल्ला. मग बागेतल्या बाकावर नवऱ्यानं एक डुलकी काढली. संध्याकाळी एका छोट्या सभागृहात व्हायोलिन ऐकलं. जिथं जाईल तिथं कुणीतरी दार उघडत होतं, खुर्ची ओढून देत होतं, 'या मॅडम, बसा मॅडम' म्हणत होतं. एकतीस वर्षं हा शब्द तिनं दुसऱ्यांसाठी वापरला होता. आता तो स्वतःला लागला तेव्हा तिला तो आवडला. अगदी मनापासून आवडला.

जेवायला जाण्याआधी कपडे बदलावेत म्हणून दोघं हॉटेलवर परतली. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर, त्यांच्याच खोलीशेजारी, हातात कागद घेतलेली सुपरवायझर उभी होती. तिच्यापुढं चाळिशीतली एक बाई ढकलगाडीचा दांडा धरून मान खाली घालून उभी.

"चारशे बाराची चादर खाली आलीच नाही. कुठं गेली?"

"बाई, मी गेले होते ना खोलीत. पलंग लावलेला, टॉवेल घडीत, न्हाणीघर कोरडं ठणठणीत. मला वाटलं पाहुणे रात्री खोलीत झोपलेच नाहीत."

"पाहुणे कालपासून आहेत. म्हणजे तू आत पाऊलच टाकलं नाहीस."

"शपथ घेते. त्यांनीच लावला असेल."

"मी स्वतः उघडून बघितलं. पाहुणे असे कोपरे घालतात? काल तूच लावलेला पलंग आहे तो. ही तिसरी तक्रार आहे तुझी. उद्या सकाळी येऊन गणवेश जमा कर."

नियम बाईंना तोंडपाठ होता. ज्या खोलीत पाहुणे असतील तिथली वापरलेली चादर रोज खाली धुवायला गेलीच पाहिजे, नाही गेली तर खोली टाळली. हा नियम तिनं स्वतः एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळून घेतला होता. आणि आज सकाळी पाहुणी झाल्याबरोबर ती तो साफ विसरली.

तेवढ्यात सुपरवायझरचं त्यांच्याकडं लक्ष गेलं. क्षणात चेहरा बदलून ती हसली. "नमस्कार मॅडम! खोली ठीक आहे ना? काही तक्रार?"

बोलायची हीच वेळ होती. 'पलंग मी लावला', एवढे तीन शब्द. खोल्या आवरणाऱ्या बाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलंसुद्धा.

"नाही, नाही. सगळं छान आहे," बाई म्हणाल्या आणि खोलीत शिरल्या.

का बोलली नाही? नंतर तिनं स्वतःला सतरा कारणं दिली. दुसऱ्याच्या नोकरमाणसांत आपण कशाला तोंड घालायचं, नवऱ्यानं टेबल राखून ठेवलंय, उशीर होईल. सगळी खोटी. खरं कारण एवढंच, की मॅडम म्हणवून घेणाऱ्या बाईनं सकाळी उठून न्हाणीघराची फरशी पुसली, हे खोल्यांमधल्या त्या बोळात उभं राहून सांगायची तिला लाज वाटली.

खिडकीजवळचं टेबल होतं, मेणबत्ती होती, ताटात जे आलं त्याचा वास घमघमत होता. बाईंनी ताटातलं नुसतं चिवडलं. नवरा आवडीनं जेवत होता, तेही तिला बघवेना. शेवटी तिनं काटा खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? मग सांगून टाकू. त्यात काय?"

"एवढंच नाही हो." तिनं पाण्याचा ग्लास उगाचच सरकवला. "नऊ वर्षांपूर्वी माझ्या हाताखालची एक बाई अगदी हेच म्हणाली होती. पाहुणीनंच पलंग लावला होता म्हणून. मी तिला काढलं."

नवऱ्याचं चावणं थांबलं. "आठवतंय मला," तो हळूच म्हणाला. "तू घरी येऊन तिची नक्कल करून दाखवली होतीस. म्हणे पाहुणीनं कोपरे घातले! आपण दोघं केवढे हसलो होतो."

त्यानंतर कुणीच जेवलं नाही. हॉटेलवर येऊन चौकशी केली तर सुपरवायझर घरी गेलेली. सकाळी सातला येतील, असं काउंटरवरच्या माणसानं सांगितलं.

सातला पाच कमी असताना बाई तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीबाहेर उभ्या होत्या. सुपरवायझरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गोड हसली.

"मॅडम, तुम्ही फार मायाळू आहात. पण तिची नोकरी वाचावी म्हणून असं सांगू नका. पाहुणे कधी पलंग लावतात का?"

बाईंना हा आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच, तो तिचाच होता.

"वर चला," ती म्हणाली. "लावून दाखवते."

गणवेशाची पिशवी घेऊन ती खोल्या आवरणारी बाईही तेवढ्यात आली होती, तिलाही बरोबर घेतलं. चारशे बारात नवरा घाईघाईनं अंथरुणातून उठून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसला. बाईंनी चादर सर्रकन ओढून काढली, हवेत झटकून परत पसरली आणि पलंगाभोवती एकच फेरी मारली. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सुपरवायझर वाकून चारी कोपरे बघत राहिली, मग हातातला तक्रारीचा कागद तिनं चुरगाळून खिशात घातला.

"कुठं काम करत होतात?"

बाईंनी सांगितलं. कोणत्या हुद्द्यावर, तेही सांगितलं.

"ताई," खोल्या आवरणारी बाई पहिल्यांदाच बोलली, आणि आवाजात आभार वगैरे काही नव्हते. "तुम्हाला तर नियम ठाऊक होता. आणि काल बोळात तुम्ही माझ्यासमोरून गेलात. रात्रभर घरात कुणाला तोंड दाखवलं नाही मी."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. "बोलायला हवं होतं. माफ करा मला."

सुपरवायझरला अवघडल्यासारखं झालं. वातावरण हलकं करावं म्हणून ती हसून म्हणाली, "पण तुम्हीच सांगा, एकतीस वर्षांत असा पाहुणा तुम्ही तरी कधी बघितलात?"

नाही म्हटलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. नवरा खुर्चीतून तिच्याकडं बघत होता.

"होती एक," बाई म्हणाल्या. "निदान माझ्या हाताखालची बाई तसं म्हणत होती. मी हसले, आणि तिला काढून टाकलं. पाहुणी पुढं दोन दिवस हॉटेलातच होती. तिला जाऊन विचारलंसुद्धा नाही."

मग खोल्या आवरणारी बाई पुढं झाली आणि नुकताच लावलेला पलंग तिनं परत उसकटायला घेतला. ही चादर खाली जायचीच होती. उशीचा अभ्रा ओढता ओढता तिनं विचारलं, "मग पुढं काय झालं तिचं?"

"ठाऊक नाही."

"नाव काय तिचं?"

बाईंनी तोंड उघडलं. गोरी होती की सावळी, तिला मुलं होती की नव्हती, काहीच डोळ्यांसमोर येईना. नाव तर नाहीच नाही. एकच गोष्ट लख्ख आठवत होती, ती तिनं स्वतःच्या हातानं तक्रारीत लिहिली होती.

"खोली दोनशे सात," ती म्हणाली.